दुर्बीण विकत मिळते, हात मिळत नाही

आपल्या मंडळाच्या कार्यालयातला फोन आठवड्यातून एक-दोनदा तरी एकाच कारणासाठी वाजतो. पलीकडचा आवाज नांदेडचा असतो, देगलूरचा असतो, कधी उदगीरचा, कधी परभणीचा. "पेशंटला घेऊन निघालोय, उद्या काचीगुड्याला उतरू, दोन दिवस राहायची सोय होईल का?" खोली रिकामी असली तर आपले व्यवस्थापक देतात, नसली तर सुलतान बाजारातल्या एखाद्या लॉजचे नाव सांगतात. गेली काही वर्षे या पाहुण्यांच्या कागदांत एक शब्द वरचेवर दिसतो : ईआरसीपी. पित्ताशयातला खडा घसरून पित्तनलिकेत अडकलेला, डोळे पिवळेधमक, थंडी वाजून ताप, आणि गावाकडच्या डॉक्टरांनी सांगितलेले, "हे इथे व्हायचे नाही, हैदराबादला न्या."

आपल्यापैकी जुन्या घराण्यांना यात नवल वाटणार नाही. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता आणि दुखणे हाताबाहेर गेले की उस्मानिया दवाखान्याची वाट धरायची, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगवळणी पडलेले होते. पण त्याला आता सुमारे सत्तर वर्षे झाली. अंबाजोगाई, नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये निघाली. मोठ्या शहरांतून हे काम करणारे निष्णात डॉक्टरही आहेत. तरी फोन काही थांबत नाही. का थांबत नाही, याचा विचार आपल्यासारख्या दोन्हीकडे पाय असलेल्या लोकांनी नाही करायचा तर कोणी करायचा?

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलेला साधा कारकून आहे. या विषयात लक्ष घालायची वेळ आली ती घरच्याच एका दुखण्यामुळे.

माझी आत्या देगलूरजवळच्या एका खेड्यात राहते. वय सत्तरीच्या पुढे. मागल्या वर्षी तिला कावीळ झाली. आधी चार दिवस झाडपाला, मग तालुक्याचा डॉक्टर, मग सोनोग्राफी. खडा पित्तनलिकेत आहे असे निघाले. आतेभावाने तिला एका जिल्ह्याच्या गावी नेले. तिथल्या एका रुग्णालयात नवेच यंत्र आले होते, बाहेर फलकही लागला होता. तिथे दीड तास खटपट झाली. खडा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी पोट फुगले, दुखणे पाठीत गेले, स्वादुपिंडाला सूज आली. मग रुग्णवाहिका, हैदराबाद, अकरा दिवस दवाखाना, त्यातले चार अतिदक्षता विभागात. येथील एका रुग्णालयात सूज उतरल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी तो खडा काढला आणि एक प्लास्टिकची नळी ठेवून दिली. आत्या वाचली. आतेभावाची दोन एकर जमीन गहाण पडली.

त्या जिल्ह्याच्या गावच्या डॉक्टरला मी दोष देत नाही. देता येणारही नाही, कारण ही सूज उत्तम हातातही येते. १९९६ साली अमेरिका आणि कॅनडातल्या सतरा रुग्णालयांतल्या २३४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पित्तनलिकेच्या तोंडाला दुर्बिणीतून छेद दिलेले हे रुग्ण होते. त्यांतल्या ९.८ टक्के लोकांना काही ना काही उपद्रव झाला आणि ५.४ टक्क्यांना स्वादुपिंडाची सूज आली. म्हणजे शंभरात पाच. पण त्याच अभ्यासात पुढे एक ओळ आहे, आणि तीच आपल्या कामाची. आठवड्याला सरासरी एकाहून अधिक छेद देणाऱ्या डॉक्टरांच्या रुग्णांत उपद्रवाचे प्रमाण ८.४ टक्के होते, त्याहून कमी करणाऱ्यांकडे ११.१. आणि गंभीर उपद्रव पाहिले तर ०.९ टक्के विरुद्ध २.३. खातेवहीच्या भाषेत बोलायचे तर अडीच पट.

हा फरक यंत्राने पडलेला नाही, हाताने पडलेला आहे.

हे काम इतके अवघड का, ते आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावले. घशातून उतरणारी साधी दुर्बीण समोर बघते. ईआरसीपीची दुर्बीण बाजूला बघते. म्हणजे गाडी चालवायची पुढे आणि नजर मात्र डावीकडच्या खिडकीतून बाहेर. जठर ओलांडून लहान आतड्याच्या पहिल्या भागात गेले की भिंतीवर एक बारीकसा उंचवटा दिसतो. त्याचे तोंड काही मिलिमीटरचे, आणि त्यातच पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका या दोघी शेजारणींसारख्या येऊन मिळतात. डाव्या अंगठ्याने चाके फिरवायची, उजव्या हाताने नळी, सहायकाच्या हातात तार, पायाखाली क्ष-किरणाचे बटण. तार पित्तनलिकेत गेली तर काम फत्ते. शेजारणीकडे वारंवार गेली, त्या तोंडाला पुनःपुन्हा टोचत राहिले, तर सूज यायची शक्यता वाढत जाते. युरोपातल्या दुर्बीणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली यासाठी एक साधा दंडक लिहून ठेवला : तोंडाला पाचहून अधिक वेळा स्पर्श झाला, पाच मिनिटांहून अधिक वेळ गेला, किंवा तार एकाहून अधिक वेळा चुकून स्वादुपिंडात गेली, की ही केस ‘अवघड’ धरायची आणि पद्धत बदलायची. नाहीतर अधिक अनुभवी माणसाकडे सोपवायची.

पाच मिनिटे. आत्यावर दीड तास झटापट झाली. कुठे थांबायचे हेही शिकवावे लागते, आणि ते पुस्तकात वाचून येत नाही. बाजूला गुरू उभा असावा लागतो.

ही विद्या मुळातच गुरुमुखातून आलेली आहे. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टराने माणसाच्या जठरात सरळ नळी घातली, ती तलवार गिळणाऱ्या एका खेळ करणाऱ्याच्या घशात. त्यानंतर नव्वद वर्षांनी दुर्बीण वाकडी-तिकडी वळू लागली. त्याच्या मुळाशी आपल्याकडचा एक माणूस आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. पंजाबातल्या मोग्याचे, आग्रा विद्यापीठात शिकलेले नरिंदरसिंग कपानी लंडनला हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करीत असताना काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पाठवता येते हे त्यांनी दाखवले. १९५४ साली त्यांचा निबंध छापून आला. तो वाचून अमेरिकेत बेझिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये लवचीक दुर्बीण केली आणि पहिल्यांदा स्वतःच्याच घशात घातली. (कपानींना पद्मविभूषण मिळाले ते २०२१ मध्ये, मरणोत्तर.) पित्तनलिकेच्या तोंडात दुर्बिणीतून पहिल्यांदा शिरकाव झाला १९६८ साली. त्या तोंडाला छेद देऊन खडा काढणे सुरू झाले १९७४ मध्ये, जपानात क्योटोला आणि जर्मनीत एर्लांगेनला जवळजवळ एकाच वेळी. तिथून पुढे हे तंत्र पसरले ते मुख्यतः एकाने दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहून, मग त्याच्या देखरेखीखाली स्वतः करून.

आपल्या शहराचे नाव या नकाशावर आले त्याचे मोठे श्रेय डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांना आहे. कर्नूलला वैद्यकीय शिक्षण, चंदीगडला पोटविकारांचे विशेष शिक्षण, येथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी आणि पुढे सोमाजीगुड्यात एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी. आता गच्चीबावलीचे त्यांचे मोठे रुग्णालय सर्वांना परिचित आहे. पद्मश्री २००२, पद्मभूषण २०१६, पद्मविभूषण २०२५, ही झाली मानाची यादी. पण मला विशेष वाटते ते हे की देशातले आणि परदेशातले डॉक्टर दुर्बिणीचे पुढचे शिक्षण घ्यायला येथे येतात. एके काळी त्यासाठी जर्मनी-जपान गाठावे लागे. २०१७ च्या फेब्रुवारीत दुर्बीणतज्ज्ञांची पहिली जागतिक परिषद भरली ती हैदराबादेत. तिकडे मुंबईत डॉ. अमित मायदेव यांनीही याच विद्येत नाव मिळवले आणि २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे शिकवणारे आपल्याकडे आहेत. मग शिकलेले हात नांदेड-लातूरपर्यंत पुरेसे का पोहोचत नाहीत?

याचे उत्तर शोधताना मला माझे टेबल आठवले.

आमच्या शाखेत डॉक्टरांच्या यंत्रांसाठी कर्जाचे अर्ज येतात. व्हिडिओ एंडोस्कोपीचा संच, क्ष-किरणाचे सी-आर्म यंत्र, मॉनिटर. कोटेशन, मार्जिन, तारण, हप्ता. सोबतच्या प्रकल्प अहवालात एक तक्ता असतो : रोज अंदाजे किती तपासण्या, दर तपासणीचा आकार, महिन्याचे उत्पन्न, त्यातून हप्ता सुटतो की नाही. मी असे कितीतरी तक्ते बेरजा तपासून पुढे पाठवले आहेत. त्यात ‘आपण ही प्रक्रिया आजवर किती वेळा केली आहे’ असा रकाना मी कधी पाहिला नाही. मलाही तो सुचला नाही, हे कबूल करतो. आणि कर्ज एकदा मंजूर झाले की हप्ता दर महिन्याच्या त्याच तारखेला येतो. दुसरीकडे पाठवायला हवा होता तो रुग्णही मग पाठवला जात नाही. डॉक्टर वाईट असतात असे नव्हे. पण हप्त्याचे ओझे मानेवर असताना पाच मिनिटांनी थांबणे किती जणांना जमेल?

याच टेबलासमोर दोन-तीन वर्षांपूर्वी एक तरुण डॉक्टर बसला होता. मराठवाड्यातलाच, बाप शिक्षक. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमडीची तीन, डीएमची तीन. त्याला पुढे एक वर्षाची फेलोशिप करायची होती. ईआरसीपी आणि दुर्बिणीच्या टोकाला बसवलेली सोनोग्राफी, म्हणजे ईयूएस. जागा मिळाली होती, पण विद्यावेतन बेताचे, पाठीमागे बायको-मूल आणि आधीचे शिक्षणकर्ज. त्याने नवे कर्ज मागितले. आमच्या शिक्षणकर्जाच्या नियमांत तो अभ्यासक्रम बसेना. फेलोशिप रुग्णालयाची होती, विद्यापीठाची पदवी नव्हती. साहेबांनी सहानुभूतीने ऐकले आणि वर सुचवले, "डॉक्टरसाहेब, त्यापेक्षा गावी सेंटर काढा ना, यंत्राला लगेच करून देतो." साहेबांचे नियमाप्रमाणे काही चुकले नव्हते. तो पुन्हा आला नाही. फेलोशिप केली का सेंटर काढले, मला ठाऊक नाही.

सरकारचेही गणित असेच आहे. यंत्राचे उद्घाटन करता येते, फीत कापता येते, पाटी लावता येते. एखाद्या डॉक्टरला वर्षभर शिकायला पाठवले तर त्याची पाटी कुठे लावणार? सरकारी रुग्णालयांत यंत्र आले आणि चालवणारा नाही म्हणून पडून राहिले, अशा नोंदी महालेखापालांच्या अहवालांत पुनःपुन्हा येतात. आपले आमदार-खासदार, मग ते इकडचे असोत की तिकडचे, निधीतून यंत्र देतो म्हणतात तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. चालवणार कोण, हे विचारत नाही.

विचारून काय होते, याचा एक दाखला परदेशातला आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ब्रिटनमध्ये मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीची पाहणी झाली. २००४ साली तिचे निष्कर्ष छापून आले. ९२२३ तपासण्या पाहिल्या गेल्या. दुर्बीण आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत खरोखर पोहोचली याचा काटेकोर पुरावा मागितला, तेव्हा तो ५६.९ टक्के तपासण्यांतच मिळाला. म्हणजे शंभरातल्या त्रेचाळीस लोकांच्या बाबतीत तपासणी पूर्ण झाली असे छातीठोकपणे सांगता येत नव्हते. आणि स्वतःच्या पहिल्या शंभर तपासण्या कोणाच्या तरी देखरेखीखाली केलेले डॉक्टर किती? १७ टक्के! एवढ्या नावाजलेल्या सरकारी आरोग्यसेवेची ही स्थिती. हे त्यांनी झाकले नाही, छापले. त्या सुमारास राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली होती, शिकवणाऱ्यांनाच आधी शिकवण्याचे वर्ग काढले, प्रत्येक शिकाऊ डॉक्टरची नोंदवही ठेवली, आणि ठरावीक संख्या व परीक्षकाची सही झाल्याशिवाय एकट्याने तपासणी करायची नाही असा शिरस्ता बसवला. २०११ मध्ये पुन्हा देशभर मोजणी केली, या वेळी वीस हजारांहून अधिक तपासण्यांची. टोकापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण ९२ टक्क्यांच्या वर गेले होते. मधल्या काळात यंत्रेही सुधारली हे खरे. पण माणसे तीच, आतडी तीच, आणि एवढा फरक शिकवण्याखेरीज कशाने पडला असता, ते मला समजत नाही.

आपल्याकडे ईआरसीपी करायला वेगळा परवाना लागत नाही. अमेरिकेतल्या दुर्बीणतज्ज्ञांच्या संघटनेने ढोबळ आकडे दिलेले आहेत. जठराच्या साध्या तपासण्या निदान १३०, ईआरसीपी निदान २००. एवढ्या झाल्या म्हणजे माणूस तयार झाला असे नव्हे. एवढ्या झाल्यावर त्याची परीक्षा घ्यायला सुरुवात करावी, असा त्याचा अर्थ आहे. साधी तपासणी डीएमच्या काळात पुष्कळ होते. ईआरसीपी मात्र सगळीकडे सारख्या वाट्याला येत नाहीत. एखाद्या ठिकाणी रोज आठ-दहा, तर एखाद्या महाविद्यालयात आठवड्याला दोन, आणि त्याही चार विद्यार्थ्यांत वाटायच्या. शिवाय विद्या थांबलेली नाही. जपानात पोटातली सुरुवातीची गाठ दुर्बिणीतूनच सोलून काढू लागले. २००८ मध्ये डॉ. हारुहिरो इनोऊए यांनी अन्ननलिकेच्या आवळलेल्या स्नायूला आतूनच बोगदा करून छेद दिला, पोएम म्हणतात त्याला. शस्त्रक्रियेवाचून अन्न गिळता येऊ लागते. अशा कामात चूक झाली तर नळीला भोकच पडते. ते दोन दिवसांच्या कार्यशाळेत पडद्यावर पाहून परत गावी जाऊन करण्याचे काम नव्हे.

आता जरा कडू भाग. हात तयार होतात ते कोणाच्या तरी पोटात. एर्लांगेनच्या लोकांनी डुकराच्या जठर-आतड्याची प्रतिकृती बसवून शिकवण्याची पद्धत काढली, संगणकावरची आभासी यंत्रेही आली, आणि पहिले चाचपडणे तिथेच व्हावे हे उत्तम. पण शेवटी माणूस लागतोच. तो माणूस बहुधा सर्वसाधारण वॉर्डातला असतो, स्पेशल खोलीतला नसतो. बिदरचा, आदिलाबादचा, देगलूरचा असतो. शिकण्याला माझा विरोध नाही. कोणी शिकलेच नाही तर आत्याचा खडा काढणार कोण? पण ज्याच्या पोटात शिकले जाते त्याला ते त्याच्या भाषेत सांगितलेले असावे आणि गुरू खोलीत हजर असावा. बाहेर चहाला गेलेला नसावा. आपले लोक मराठी बोलतात, संमतीपत्र तेलुगूत किंवा इंग्रजीत असते, आणि आपण अंगठा किंवा सही करून मोकळे होतो. येथे आपल्या मंडळाला काम आहे.

यंत्र धुणाऱ्यांचाही विचार व्हावा. ईआरसीपीच्या दुर्बिणीच्या टोकाला तार उचलणारी एक छोटी पट्टी असते, तिच्या सांध्यात घाण अडकते. तिथून औषधांना दाद न देणारे जंतू एका रुग्णातून दुसऱ्याला गेल्याचे प्रकार अमेरिकेत झाले आणि २०१५ साली तिथल्या सरकारी औषध प्रशासनाने जाहीर सूचना काढली. तिथे हे होते, तर आपल्याकडे दोन दुर्बिणींवर दिवसाला पंधरा रुग्ण उरकणाऱ्या ठिकाणी धुणाऱ्या पोराला कोणी आणि किती दिवस शिकवले, हे विचारायला हवे. तंत्रज्ञ आणि परिचारिका यांचे शिक्षण हाही याच विद्येचा अर्धा भाग आहे. तार त्यांच्याच हातात असते.

मंडळाने काय करावे, याविषयी माझ्या मनात काही गोष्टी आहेत. त्या सभासदांपुढे ठेवतो.

महाराष्ट्राच्या वैद्यकीय शिक्षण खात्याला आणि मराठवाड्यातल्या आमदारांना आपण एक निवेदन द्यावे. नांदेड, लातूर, अंबाजोगाईच्या सरकारी महाविद्यालयांतून दरवर्षी दोन-तीन डॉक्टर, आणि त्यांच्याबरोबर प्रत्येकी एक तंत्रज्ञ, पूर्ण पगारावर वर्षभर शिकायला पाठवावेत. हैदराबाद असो, मुंबई असो. जिथे काम भरपूर आहे तिथे. परत आल्यावर पाच वर्षे त्याच महाविद्यालयात काम करण्याचा करार घ्यावा आणि यंत्राची खरेदी तो परत आल्यानंतर करावी, आधी नव्हे. खर्च एका यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त होणार नाही, एवढा हिशेब मला नक्की करता येतो. तेलंगण सरकारकडे उस्मानिया व गांधी या रुग्णालयांतल्या पोटविकार विभागांसाठी माणसे आणि जागा वाढवून मागाव्यात. ती रुग्णालये आपलीही आहेत आणि तिकडून येणाऱ्यांचीही.

दुसरे आपल्याच हातातले आहे. फेलोशिपला येणाऱ्या एका डॉक्टरला वर्षभर आपल्या वास्तूत एक खोली नाममात्र भाड्याने द्यावी. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली वर्षातले निम्मे दिवस लग्नाच्या वऱ्हाडाचे सामान सांभाळते, ती रिकामी करता येईल. काही ज्येष्ठ सभासदांचा याला विरोध आहे. वास्तू सांस्कृतिक कार्यासाठी आहे, असे ते म्हणतात. त्यांचा मान राखूनही मला वाटते की त्या खोलीचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

तिसरे, रुग्णाबरोबर संमतीपत्र वाचून मराठीत समजावून सांगायला जाणारे पाच-सहा स्वयंसेवक हवेत. निवृत्त शिक्षिका भगिनींनी नावे द्यावीत. जाताना चार प्रश्न विचारायचे : डॉक्टरांनी ही प्रक्रिया आजवर किती वेळा केली आहे, या रुग्णालयात आठवड्याला किती होतात, काम जमले नाही तर पुढे कोणाकडे पाठवणार, आणि सूज येऊ नये म्हणून इंडोमेथॅसिनची गोळी गुदमार्गातून देणार आहात का. शेवटचा प्रश्न ऐकून हसू नका. २०१२ साली अमेरिकेत धोका अधिक असलेल्या रुग्णांवर पाहणी झाली. या स्वस्त, जुन्या औषधाने सुजेचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ वर आले. प्रत्येकाला ते चालेलच असे नाही, ते डॉक्टर ठरवतील. आपण विचारायचे. तसेच आयुष्मान भारतचे कार्ड दुसऱ्या राज्यातही चालते, पण ते रुग्णालय त्या योजनेत आहे का, याची चौकशी गाडीत बसण्याआधीच करायला सांगावी.

विचारायला आपण बिचकतो. डॉक्टरांना राग येईल, ‘तुम्हाला कळते का’ म्हणतील. मीही बिचकलो होतो. येथे आत्याची दुसऱ्यांदा तपासणी ठरली तेव्हा मी कागदांची पिशवी घेऊन गप्प उभा होतो. विचारले ते तिनेच, आणि तेही डोक्यावरचा पदर सावरून. "बाबा, तुमी आजपत्तुर किती जणांचं केलंव हे?" मी शरमून तिला गप्प करू लागलो, तर माझ्यावरच उखडली. "लगीन असलं की आचाऱ्याला इचारतोच की आपण, किती पंगती उठवल्यास म्हणून. मग पोटात नळी घालणाराला इचारलं तर काय झालं रे?" मी त्याचे हिंदी केले. डॉक्टर हसले, आणि त्यांनी आकडा सांगितला. चार आकडी होता. आत्याने मान डोलावली आणि स्ट्रेचरवर आडवी झाली.

ठेवलेली प्लास्टिकची नळी साधारण तीन महिन्यांत काढावी लागते. ती विसरून बसणारे पुष्कळ असतात, मग नळी तुंबते आणि पुन्हा कावीळ. खोली घेणाऱ्या रुग्णांच्या नोंदवहीत आपण नळी काढण्याची तारीख लिहून ठेवायला गेल्या महिन्यापासून सुरुवात केली आहे. त्या तारखेच्या आठ दिवस आधी कार्यालयातून फोन जातो. निवेदनाचा मसुदा कार्यालयात ठेवला आहे. सभासदांनी येत्या रविवारच्या सभेपूर्वी वाचून सूचना द्याव्यात, सह्या कराव्यात.

आत्याची नळी काढायला आम्ही ठरल्या दिवशी गेलो. दुर्बीण हातात घेतलेला या वेळी एक तरुण होता, फेलोशिपला आलेला. आत्याने त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो जरा गडबडला, मग म्हणाला, "माँजी, एकसौ चालीस," आणि आपल्या मागे उभ्या असलेल्या मोठ्या डॉक्टरांकडे बोट दाखवले. आत्याने त्या दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि मला म्हणाली, "हां, चालंल."